शब्दचर्चा: 'पातळ साठा' म्हणजे नक्की काय पातळ?

धागाकर्ती: एका मासिकासाठी खनिज तेलावर लेख लिहितेय. 'थिन रिझर्वॉयर'ला मी सरळ 'पातळ साठा' लिहून टाकलं. काल सदाशिव पेठेतून संपादकांचा फोन आला, "अहो, पातळ काय आहे, तेल की साठा?"

बरोबरच आहे त्यांचं. आपल्याकडे आमटी पातळ, ताक पातळ, आजी नेसायची तेही पातळच. इथे म्हणायचंय ते एवढंच, की तेल असलेल्या खडकाच्या थराची जाडी कमी आहे. नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्रात काही भागांत तो थर जेमतेम १२ ते १४ मीटरचा. वर वायू, खाली पाणी, मध्ये ही तेलाची चिंचोळी पट्टी. शिवाय 'साठा' म्हटलं की वाचकाला जमिनीखाली टाकी दिसते. तेल असतं खडकाच्या छिद्रांत, भिजवलेल्या विटेत पाणी मुरलेलं असतं तसं. म्हणून सध्या 'कमी जाडीचा तेलथर' केलंय. लांबलचक आहे, पण खोटं नाही.

अजून दोन शब्द अडलेत. 'हॉरिझॉन्टल वेल'ला 'आडवी विहीर' चालेल का? आणि 'रिकव्हरी'ला काय? 'वसुली' लिहिलं की बँकेचा माणूस दारात आल्यासारखं वाटतं.

हडपसरी: उतारा! साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माझी अर्धी नोकरी गेली. शंभर किलो उसातून साडेअकरा किलो साखर निघाली की उतारा साडेअकरा. तेलाच्या घाण्यावरही 'शेंगेला उतारा किती बसला' असंच विचारतात. सातबारा आणि लिंबू-मिरची आठवणारे आठवोत.

धागाकर्ती: झकास. फरक एवढाच, की हा टक्का खडकात असलेल्या एकूण तेलाचा. जगात सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच तेल वर येतं, बाकी तिथेच राहतं. म्हणजे आपल्या म्हणीच्या उलट: आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही.

घोडकाठचा: ताई, 'आडवी विहीर' नका लिहू. गावात विचारतील, पडली का? शब्द आहे 'आडवा बोअर'. शिरूरकडच्या आमच्या विहिरीत मारलेत. तळाला काळा पाषाण, पाणी मुरमाच्या हातभर थरात. क्रेनने मशीन आत सोडलं, कडेच्या भिंतीत काठीला काठी जोडत आडवं भोक पाडत नेलं. आधी लाल गाळ आला, मग करंगळीएवढी धार. खोल जाऊन फायदा नव्हता, पाणी त्या थरातच होतं.

धागाकर्ती: नेमकं तेच गणित! १२ मीटरच्या थरातून उभी विहीर गेली तर तिला तेल लागतं बाराच मीटर. तीच वळवून थरातून आडवी दोन-तीन किलोमीटर नेली, तर तेवढी सगळी लांबी कामाला येते. दुसरं म्हणजे उभ्या विहिरीतून जोरात उपसा केला की खालचं पाणी शंकूसारखं वर चढतं आणि तेलाऐवजी पाणीच येऊ लागतं. आडव्यात ओढ लांबीवर वाटली जाते, त्यामुळे पाणी उशिरा चढतं, आणि चढतं तेही लांबट उंचवट्यासारखं. त्याला मी 'शिखा' लिहिलंय, पण मलाच आवडलेलं नाही.

घोडकाठचा: वरंबा. सरी-वरंब्यातला.

धागाकर्ती: शिखा खोडली. आता शेवटचं. बोअर उभ्याचा आडवा होतो ती 'टाच'. घर्षणामुळे टाचेपाशी ओढ जास्त, टोकाला कमी, म्हणून पाणी आधी टाचेत घुसतं. यावर पाइपात जागोजागी प्रवाह अडवणारी बारीक तोंडं बसवतात. ट्रोलमध्येच नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती वापरात आली. त्यांना 'अंतःप्रवाह नियंत्रण साधन' म्हणणं माझ्या जिवावर येतं.

घोडकाठचा: ठिबकची नळी आठवा. व्हॉल्व्हजवळच्या झाडांना धो धो, शेवटच्या झाडाला थेंब. दाब सांभाळणारे ड्रिपर लावले की सगळीकडे सारखं. तुमचं पाणी आत येतंय, आमचं बाहेर जातंय, एवढाच फरक.

हडपसरी: मग 'आवक-तोटी' म्हणा.

धागाकर्ती: 'आवक' वाचून संपादकांना मार्केट यार्डातला कांदा आठवणार. तरी पाठवते. टोकाला मात्र 'चवडा' म्हणू की 'बोट', हे अजून ठरत नाहीये.