नावावर जाऊ नका, माप बघा
१८५१ची कोल्ट नेव्ही म्हणजे दारू आणि गोळी सुटी भरायची रिव्हॉल्व्हर. तिची इटालियन प्रतिकृती .३८ स्पेशल या आजच्या काडतुसासाठी बदलून घ्यावी का, असं एकाने विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे, नको. तिच्या नळीचा व्यास साधारण .३७५ इंच आणि .३८ स्पेशलची गोळी .३५८ची! सैल गोळीने नेम कसा साधणार? मागून काडतूस भरता येईल अशा आरपार छिद्रांच्या सिलिंडरचं (गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याचं) रोलिन व्हाइटचं पेटंट १८६९ला संपल्यावर कोल्टने जुन्या नेव्ही काडतुसांवर आणल्या, तेव्हाची गोळी बाहेरून काडतुसाच्या पुंगळीएवढीच जाड असे, फक्त बूड आत बसायचं. म्हणून ती नळीत घट्ट बसे. शिवाय या सांगाड्याला सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टीच नाही, नळी एका पाचरीवर टिकून असते. आजच्या काडतुसांचा दाब तिच्यावर नको. कारखान्यातूनच काडतुसांसाठी घडवलेली प्रतिकृती घ्या.