निरोप द्या, पण चेंज रिपोर्टचं काय?

आपल्या संस्थेच्या अध्यक्ष मॅडम पद सोडून जाताहेत, त्यांच्या निरोपाला शाल-श्रीफळ नको, त्या पैशात मुलांच्या वह्या घ्या, हे इथे कोणीतरी सुचवलेलं पटलं, मॅडमनाही तेच आवडेल. पण कागदपत्रांचं कोणीच बोलत नाहीये. अध्यक्ष जर ट्रस्टी असतील तर राजीनाम्याचा ठराव करून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (म्हणजे विश्वस्त बदलल्याची लेखी माहिती) द्यावा लागतो, विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२, आपल्याकडे ठाण्याच्या ऑफिसात.

आमच्या नेरूळच्या संस्थेतले काका मुलाकडे बंगळुरूला गेले, निरोपाची भाषणं लांबतच गेली (माईक सोडवत नव्हता कोणाला) आणि बँकेत सही मात्र त्यांचीच राहिली, मग शिक्षिकांचे पगार अडकले, चेकबुक कुरिअरने बंगळुरूला पाठवलं. तेव्हा मॅडम इथे आहेत तोवरच बँकेतल्या सह्या बदला, आणि ओटीपी ज्या मोबाईलवर येतो तो नंबरसुद्धा.