रेणूचं कंपन "हळू" म्हणजे नक्की किती हळू?

निशाचर:
एका लेक्चरमध्ये ऐकलं की रिडबर्ग अणू (ज्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन खूप वरच्या पातळीवर नेलाय असा अणू) आणि आयन (प्रभार असलेला अणू) मिळून एक रेणू बनतो आणि त्याचं कंपन इतकं हळू चालतं की थेट बघता येतं. हळू म्हणजे किती, तर काही मायक्रोसेकंद!! सेकंदाचा दहा लाखावा भाग, याला हळू म्हणायचं? आणि एवढासा रेणू मायक्रोस्कोपमध्ये दिसतो तरी कसा? गणित चालेल पण जरा बेताने.

अणुरेणू:
कशाच्या तुलनेत हळू ते बघ ना. हायड्रोजनच्या रेणूचं एक कंपन साधारण ८ फेम्टोसेकंदात (फेम्टोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा अब्जावा भाग) उरकतं. ते जर एका सेकंदाचं धरलंस तर या रेणूचं एक कंपन तीसेक वर्षं चालेल.
मुळात बंधच वेगळा आहे. रुबिडियम या धातूच्या अणूचा बाहेरचा इलेक्ट्रॉन लेसरने खूप वरच्या पातळीवर नेला की अणू फुगतो, ५० वी पातळी घेतली तर त्रिज्या १३० नॅनोमीटरच्या आसपास जाते, आणि असा फुगलेला अणू शेजारच्या आयनच्या विद्युत क्षेत्राला लगेच बधतो. लांब असताना आयन त्याला ओढतो, ठराविक अंतराच्या आत आला की अणूचा डायपोल (धन आणि ऋण प्रभार दोन बाजूंना सरकल्याने बनणारी जोडी) उलटा फिरतो आणि ढकलाढकली सुरू. मग दोघं मधेच अडकतात, एकमेकांपासून काही मायक्रोमीटरवर! इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण नाही, भागीदारी नाही, शाळेतला कुठलाच बंध इथे लागू पडत नाही. स्टुटगार्ट विद्यापीठातल्या ग्रुपने २०२२ मध्ये हे नेचर या विज्ञान नियतकालिकात छापलं.

तिरपागडा:
त्याच विद्यापीठातला २००९ चा रिडबर्ग रेणू वेगळा बरं का, गल्लत नको. त्यात साधा अणू इलेक्ट्रॉनच्या कक्षेच्या आत बसतो, इथे आयन कक्षेच्या बऱ्याच बाहेर असतो.
आता बेताचं गणित. समजा दोघं ज्यात अडकतात तो ऊर्जेचा खड्डा १० मेगाहर्ट्झ खोल आहे, इथे ऊर्जा वारंवारतेच्या एककात मोजतात (आकडा मी धरलाय, मोजलेला नाही). दोन रुबिडियमचं रिड्यूस्ड मास (दोघांच्या एकमेकांसापेक्ष हालचालीसाठी धरायचं वस्तुमान) घातलं की वेग येतो सेकंदाला सुमारे ०.४ मीटर, आपण रमतगमत चालतो त्याहूनही कमी. म्हणजे एक मायक्रोमीटर जायला अडीच मायक्रोसेकंद. नुसता बंध कमजोर म्हणून हळू असं नाही, खड्डा रुंदही आहे, जायचं अंतरच मोठं. शिवाय सगळं मायक्रोकेल्विनला थंड केलेलं, नाहीतर खोलीच्या तापमानाला रुबिडियम सेकंदाला ३०० मीटरने सुसाट सुटतो, मग कसला रेणू न कसलं काय.

निशाचर:
ओके वेग पटला. म्हणजे कॅमेरा लावून व्हिडिओच काढतात?

अणुरेणू:
छे, एका रेणूचा एकच फोटो, कारण फोटो काढताना तो मरतो. हा आयन मायक्रोस्कोप आहे, प्रकाशाचा नाही. विद्युत क्षेत्राचा झटका देऊन रिडबर्ग अणूचा इलेक्ट्रॉन उडवतात, तोही आयन झाला, मग दोन्ही आयन इलेक्ट्रोस्टॅटिक लेन्समधून (काचेऐवजी विद्युत क्षेत्राची लेन्स) डिटेक्टरवर जाऊन आदळतात आणि दोन ठिपके मिळतात. रेझोल्यूशन २०० नॅनोमीटरच्या आसपास, बंध काही मायक्रोमीटरचा, त्यामुळे ठिपके आरामात वेगळे दिसतात.
मग नवा रेणू बनवायचा, झटका थोडा उशिरा द्यायचा, परत दोन ठिपके. असं शेकडो वेळा करून प्रत्येक उशिरासाठी अंतरांचा आलेख काढला की तो आत-बाहेर सरकताना दिसतो.

निशाचर:
म्हणजे दर फ्रेमला नवा नट!

तिरपागडा:
हो आणि प्रत्येक नट पहिल्याच शॉटला गचकतो 😄