अवयवदानाचा फॉर्म भरलेला असताना घरच्यांचा नकार का चालावा?

सह्यवारा : ओळखीतल्या एका काकांनी दोन साक्षीदारांसमोर अवयवदानाचा फॉर्म भरला होता. साक्षीदारांत एक सही काकूंची. अपघातानंतर मेंदूमृत्यू जाहीर झाला, म्हणजे मेंदू कायमचा बंद, ठोके तेवढे व्हेंटिलेटरच्या आधाराने चालू. काकू आणि मुलगा तयार होते. गावाहून आलेले थोरले भाऊ म्हणाले, "देहाची विटंबना नको." विषय तिथेच संपला. अवयवदानाचा १९९४ चा कायदा सांगतो की अशी लेखी संमती असेल आणि ती मागे घेतल्याचं काही कारण दिसत नसेल, तर मृतदेह ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनी अवयव काढू द्यावेत. तरी रुग्णालयं घरच्यांची सही मागतातच. मृत्युपत्र भावाच्या एका शब्दाने रद्द होतं का?

रेवाकाठ : मृत्युपत्र वाचताना माणसाची छाती हलत नसते. आयसीयूत अंग गरम असतं, मॉनिटरवर ठोके दिसतात, लघवीची पिशवी भरत असते. माझ्या मामेभावाच्या वेळी सकाळपर्यंत "प्रयत्न चालू आहेत" ऐकलं आणि दुपारी थेट किडनी-लिव्हरचं विचारलं. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचं पॅनेल असतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात, हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. आम्ही नाही म्हणालो. आजही तसंच विचारलं तर नाहीच म्हणू.

सह्यवारा : तुमचा राग रास्त आहे. पण रुग्णालय नीट बोललं नाही, याची शिक्षा डायलिसिसवर वाट बघणाऱ्याला का?

रात्रपाळी : मी आयसीयूत नर्स आहे. खरी गोम वेगळीच आहे. आपल्याकडे मेंदूमृत्यू जाहीर होतो तो बहुधा या अवयवदानाच्या कायद्याखालीच. घरच्यांनी नकार दिला, की बहुतेक ठिकाणी हृदय थांबेपर्यंत व्हेंटिलेटर चालूच. मग त्यांना वाटणारच, की अवयव हवेत म्हणून 'गेला' म्हणताहेत! केरळने २०२० मध्ये मेंदूमृत्यू जाहीर करणं अवयवदानापासून वेगळं काढलं. आपल्याकडे आधी ते व्हायला हवं. राहिला फॉर्म. तो दाखवून रडणाऱ्या आईसमोरून पेशंटला ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायला मला सांगू नका.

कोकणकडा७ : स्पेनमध्ये १९७९ पासून कायदा, नकार नोंदवला नसेल तर होकार असंच धरतो. तरी तिथेही घरच्यांना विचारतातच. जबरदस्तीने घेतलेल्या एका देहाची बातमी झाली, तर पुढचे कितीतरी दाते हातचे जातील.

सह्यवारा : विचारा, पण प्रश्न बदला. "तुमची परवानगी आहे का?" असं नको. "त्यांनी फॉर्म भरला होता. नंतर मत बदलल्याचं तुमच्याजवळ बोलले होते का?" एवढंच विचारा. काकूंना याचं उत्तर देता आलं असतं, आणि भावांनाही.

रेवाकाठ : असं विचारणं मला मान्य आहे. पण आमच्या भावाने फॉर्म भरलाच नव्हता, आणि बहुतेकांच्या घरी हीच स्थिती. तिथे जवळच्या एकाही नातेवाइकाची हरकत असेल तर अवयव घेता येत नाहीत, हे त्याच कायद्यात आहे. ते कलम राहू द्या.