घरच्या बागेला कोंबडखत: शेणखताचाच हट्ट कशाला?

परसदार (धागाकर्ता)

बागकामाच्या गप्पांत कोंबडखताचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. तेच शेणखत म्हटलं की डोळे झाकून ट्रॉली रिकामी करून घेतात. माझं मत स्पष्ट आहे: अंगणातल्या, परसातल्या झाडांना कोंबडखत जरूर द्यावं. फक्त कुजवून.

आज विकत मिळणारं शेणखत एकदा उकरून बघा. बरीचशी माती, हरळीच्या काशा, लव्हाळ्याच्या गाठी आणि खाली वेटोळं करून बसलेली पांढरी हुमणी अळी. कोंबडखतात तणाचं बी फार कमी येतं, कारण कोंबडीच्या पोटात दाणा भरडला जातो. ताकद बघाल तर शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, कोंबडखतात ३ टक्क्यांच्या आसपास. स्फुरद अडीच टक्के, पालाश दीडेक टक्का. म्हणजे पाटीचं काम मुठीत होतं.

ताजं मात्र झाडापाशी नेऊ नका. पक्ष्याला वेगळी लघवी नसते. विष्ठेवरचा पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ओल लागली की त्याचा युरिया होतो, त्यातून अमोनिया सुटतो आणि मुळं करपतात.

भुईचाफा

नाही पटलं. तुमच्या परसात ठीक असेल, इथे दोन घरांच्या मध्ये हात पुरेल एवढीच जागा. शेजारच्यांनी पावसाळ्यात पोतं आणून नुसतं उघडं ठेवलं होतं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद ठेवावी लागली आणि ओट्यावर माश्या घोंघावत होत्या. पावसाळी उबेत अंड्यापासून माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्यात साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू. कोथिंबीर, मुळा, काकडी आपण कच्चीच खातो. अमेरिकेत सेंद्रिय शेतीचा नियम असा आहे की कच्चं खत मातीत मिसळल्यावर, जमिनीला टेकणाऱ्या पिकाची काढणी १२० दिवसांच्या आत करायची नाही. मातीला न टेकणाऱ्याला ९० दिवस. आपल्या मेथीचं पीक महिन्याभरात निघतं!

परसदार

भुईचाफाताई, तो नियम कच्च्या खताचा आहे. नीट कुजवलेल्याला ही मुदत लागू नाही. पण ढीग खरोखर तापला पाहिजे, ५५ अंशांच्या वर, आणि वरखाली करत राहिलं पाहिजे, म्हणजे कडेचा माल आत जातो. एक पाटी कोंबडखताला दोन-तीन पाट्या वाळका पालापाचोळा घ्या. ओल किती? मुठीत दाबल्यावर बोटं ओलसर व्हावीत, पाणी गळू नये. अमोनियाचा वास येतोय म्हणजे पाला कमी पडला आणि तुमचं नत्र हवेत चाललंय. वर मातीचा किंवा जुन्या खताचा थर दिला की माशी बसत नाही. पोतं उघडं ठेवणाऱ्यांचं समर्थन मी करणार नाही.

काळीमाती

वासाचं राहू द्या, मातीचं कोणी बोलतच नाहीये. देशावरच्या काळ्या जमिनी आधीच चुनखडीयुक्त, सामू (pH) ८ च्या घरात. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कवचासाठी शिंपल्यांची पूड नाहीतर चुनखडी असते आणि त्यातला बराच चुना विष्ठेतून बाहेर पडतो. ते खत दरवर्षी घालत राहाल तर मोगऱ्याची, लिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतील. लोह मातीत असतं, झाडाला उचलता येत नाही. स्फुरदही साठत जातं. लोक मग आणखी खत घालतात! आमच्याकडे शेणखत, पालापाचोळाच बरा. त्याने जमीन भुसभुशीत होते. नुसतं नत्र मोजून काय करायचं?

तांबडीमाती

काळीमाती, तुमच्या जमिनीला तुमचं बरोबर असेल. आमच्या कोकणातला जांभा आंबट. लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात. तिथे हाच चुना नि हेच स्फुरद कामाला येतं. माडाच्या, सुपारीच्या आळ्यात, परसातल्या वांगी-मिरचीला कोंबडखत चांगलं मानवतं. शिवाय शेणाचे उकिरडे आमच्याकडे गेंड्या भुंग्याचं माहेर आहेत, तो माडाचा कोंब पोखरतो. एकच सांगणं, आषाढात घालू नका. पागोळ्यांबरोबर सगळं वाहून शेवटी विहिरीत जातं. पाऊस सरल्यावर भाजीचे वाफे करतो तेव्हा घाला.

खुराडं

मी ब्रॉयलर पाळतो, म्हणून दोन शब्द. ‘कोंबडखत’ हा एकच माल नाही. ब्रॉयलरचा पक्षी चाळीसेक दिवसांत निघतो, खाली भाताच्या तुसाचं अंथरूण असतं, त्याला ‘लिटर’ म्हणतात, ते विष्ठेत मिसळलेलं येतं. पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या कोंबड्यांखालची मात्र निव्वळ विष्ठा. चुना तिच्यात जास्त. घेताना विचारत जा. तूसही लवकर कुजत नाही, पाण्याचा हात मारावाच लागतो.

भुईचाफा

आणि औषधांचं? कोलिस्टिन या प्रतिजैविकावर आपल्याकडे २०१९ मध्ये बंदी आली, म्हणजे तोवर ते कोंबड्यांना चाललंच होतं ना? बाकीची प्रतिजैविकं आहेतच. कुजवल्याने काही विरतात, सगळी नाही. घरची भाजी आपण लावतो ती विषमुक्त मिळावी म्हणून. तिला असलं खत घालायला माझं मन घेत नाही.

परसदार

हा मुद्दा मला मान्य आहे आणि कुजवणं हे त्याचं पूर्ण उत्तर नाही. म्हणून मी पालेभाजीच्या वाफ्याला गांडूळखत देतो. कोंबडखत शेवगा, पपई, जास्वंद, कढीपत्ता यांना, तेही खोडाला न टेकवता आळ्याच्या कडेने, मातीत मिसळून. काळीमाती, तुमच्यासाठी: चुनखडीच्या जमिनीत मोगरा-लिंबाला नको, पटलं. पण शेवगा नि पपईला एकदा कुजवलेलं लिटर देऊन बघायला काय हरकत आहे?

काळीमाती

आधी माती तपासून घेतो. सामू आणि स्फुरद बघून मगच ठरवेन. तोवर माझा विरोध कायम.