शब्दचर्चा : सहसंयुज, चतुष्फलकी आणि मिथेनचं 'अधिक' चिन्ह

पऱ्हाटी : दहावीच्या पुस्तकात 'सहसंयुज बंध', शिकवणीच्या नोट्समध्ये 'सहसंयोजक आबंध'. पोरांनी लिहायचं काय? आणि 'चतुष्फलकी' हा शब्द समजावायचा कसा?

तुराटी : 'सहसंयोजक आबंध' हिंदी आहे जी, आपल्याकडे हिंदी गाइडांतून येतो. 'मीथेन'मधली दीर्घ मीसुद्धा तिकडचीच. मराठीत सहसंयुज बंध, मिथेन. युज् म्हणजे जोडणं. संयुजा म्हणजे जोडायची क्षमता, कार्बनची ४, हायड्रोजनची १. संयुग आणि संयुजा यांत पोरं नेहमी घोळ घालतात : मिथेन (CH₄, एक कार्बन आणि चार हायड्रोजन) हे संयुग, ४ ही कार्बनची संयुजा.
खरं काम 'सह' करतो. सामाईक धुऱ्यावरची (बांधावरची) बोर दोन्ही शेतवाले आपलीच मोजतात, तसं. प्रत्येक बंधात कार्बनचा एक आणि हायड्रोजनचा एक इलेक्ट्रॉन, जोडी दोघांच्याही हिशेबात. म्हणून बाहेरच्या कवचात कार्बनचे ८ इलेक्ट्रॉन भरतात, प्रत्येक हायड्रोजनचे २.

धुरा : चतुष्फलकीत 'फलक' म्हणजे पाटी नाही, पृष्ठ. चार हायड्रोजन मनातल्या मनात जोडले की चार त्रिकोणी पृष्ठं होतात, कार्बन मधोमध. सराट्याचा काटा दाखवा : कसाही पडो, एक टोक वरच.

तुराटी : सराट्याचे दोन काटे लांब, दोन आखूड. मिथेनचे चारही बंध सारखे, १०९ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख-कोटीवा भाग). दोन बंधांमधला कोन १०९.५ अंश. दोन्हीकडे १०९ येतं हा निव्वळ योगायोग, पण उत्तरपत्रिकेत एककं अदलाबदल होतात ती इथंच.

पऱ्हाटी : मग फळ्यावर अधिक चिन्हासारखं काऊन काढतात?

तुराटी : ती रचनासूत्राची, म्हणजे कोण कोणाला जोडलंय ते कागदावर दाखवायची सोय आहे, आकार नाही. बटाटा आणि तुरीच्या चार काड्या घ्या. काड्या बटाट्याच्या मध्यापर्यंत खुपसा. मध्यापासून टोकापर्यंत ११ सेंमी. आधी तीन पाय करून तिकाटी उभी करा, चौथी सरळ वर. आता दोऱ्यानं टोकं मोजा. सहाही अंतरं १८ सेंमीच्या आसपास आली तर जमलं. एकाच पातळीत खुपसल्या असतील तर चार अंतरं साडेपंधरा आणि दोन २२ येतील, हेच ते 'अधिक'. बहुतेक वेळा चूक लांबीत होते : काडी सालीपासून मोजतात, मध्यापासून नाही.

धुरा : हा आकार का येतो, ते सांगणारा 'संकरण' शब्द राहिला. संकरित ज्वारीतलाच संकर, पण तिथं दोन वाणांतून एक येतो. इथं कार्बनचे एक एस आणि तीन पी असे चार कक्षक (अणूत इलेक्ट्रॉन सापडायच्या जागा; एस, पी ही त्यांच्या प्रकारांची नावं) मिसळून चारच निघतात, एकसारखे. कक्षक म्हणा, कक्षा नको; कक्षा ग्रहाची. नुसती पी कक्षकं आपसांत ९० अंशांवर असतात, त्यांच्यावरून १०९.५ निघत नाही.

पऱ्हाटी : आणि गावात गोबरगॅसलाच मिथेन म्हणतात, ते?

धुरा : अर्धवट खरं. गोबरगॅसात मिथेन ५५ ते ६५ टक्के, उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेनला वासच नाही. नव्या टाकीचा पहिला गॅस पेटत नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइड आणि हवा जास्त. तो चुलीत न लावता बाहेर, आगीपासून लांब सोडून द्यावा.