घरासमोरच्या रंबल स्ट्रिपचा रात्रीचा आवाज कसा कमी करावा?

लांजेकरीण: आमचं कौलारू घर महामार्गाला लागून आहे. चौपदरीकरणात खळं (घरापुढचं अंगण) गेलं आणि रस्ता पडवीपासून पंधरा पावलांवर आला. गेल्या वर्षी वळणावर शेजारच्या मुलाला गाडीने उडवलं. तेव्हा रंबल स्ट्रिप, म्हणजे गाड्या हळू व्हाव्यात म्हणून रस्त्यावर आडव्या मारलेल्या उंचवट्याच्या पट्ट्या, मागणाऱ्या अर्जावर माझीही सही होती. स्ट्रिप आल्या, गाड्या खरंच हळू होतात. पण चिरे उतरवून परतणारा रिकामा ट्रक रात्री त्यावरून गेला की त्याचा मागचा फाळका असा खणाणतो की मांडणीवरची भांडी थरथरतात. सासरे ८४ वर्षांचे. दोन-तीनदा दचकून उठतात, मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. पट्ट्या काढा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, मुलं तिथूनच शाळेत जातात. रस्त्याकडेला दाट झाडं लावली तर फरक पडेल का?

कुडाळचा गवंडी: ताई, झाडांनी गाड्या दिसेनाशा होतात, आवाज फारसा अडत नाही. चिऱ्याची भिंत घाला, सांधे नीट भरून. नुसते दगड रचलेला गडगा नको, फटींतून आवाज येतो. पडवीत बसल्यावर ट्रक भिंतीआड गेला पाहिजे, एवढी उंची हवी. नजर अडली की साधारण ५ डेसिबल कमी होतात. गेट उघडं जाळीचं ठेवलंत तर मात्र खर्च वाया.

रत्नांग्रीकर: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. अर्जात हे घाला. पट्ट्या काढा म्हणू नका, वळणाच्या अलीकडे घरं नाहीत तिथे सरकवा म्हणा. वेग तिथेच कमी झाला तर वळणावर गाडी आवरलेलीच येईल.

लांजेकरीण: सरकवायचं सुचलंच नव्हतं! अलीकडे पऱ्ह्या (ओढा) आहे, दोन्हीकडे कातळ, एकही घर नाही. रात्री दोनला पडवीत फोनवर मोजलं तर ७४ दाखवलं. फोनचं माप अंदाजीच, पण कुठे ४५ आणि कुठे ७४! अर्ज लिहिण्याआधी त्या मुलाच्या घरी जाऊन येते, पहिली सही त्याच्या आईची हवी. ती नको म्हणाली तर मी पुढे जाणार नाही. भिंतीचं पावसानंतर बघू. सासऱ्यांची खाट काल मागच्या खोलीत हलवली. तिथून रस्ता दिसत नाही म्हणून कुरकुरले, पण चारपर्यंत झोपले.